निलंग्याचा दादा पुण्याचा झाला

मंडळी, आत्ताच घरी आले आणि अंगातला कोटही न काढता लिहायला बसले.

कॅनडात येऊन सात महिने झाले, अजून नोकरी नाही. सगळे म्हणतात, इथं ओळखी वाढवा. म्हणून आज दुपारी इंजिनियर लोकांच्या मेळाव्याला गेले. तिथं माझ्या मोठ्या भावाचा निलंग्याचा वर्गमित्र येणार होता. आमच्याच घरी जेवून मोठा झालेला, आता पाण्याच्या कंपनीत मॅनेजर. माझंही काम पाण्याचंच. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळात आमच्या निलंगा तालुक्याचे टँकर मीच बघायचे. वाटलं, झालं आपलं काम.

"दादा, ओळखलं का? निलंग्याची मी. मीपण पाण्याचीच इंजिनियर," मी चारचौघांत म्हणाले.

"सॉरी, मी पुण्याचा," तो म्हणाला. मग बाकीच्यांकडं वळून, "यांच्या लातूरला पाणी रेल्वेनं येतं, अन् या पाण्याच्या इंजिनियर!"

सगळे हसले. मीपण हसले.

निघताना तो दाराशी आला आणि हळूच आपल्या बोलीत म्हणाला, "लई वर्षं लागली मला पुण्याचा व्हायला. आमच्याकडं अर्ज करू नको. केलास तर तुझं नाव यादीतून मीच काढून टाकीन."

"हाव दादा," एवढंच तोंडातून निघालं.

वाटेत भावाचा फोन आला. "भेटला का गं? लई मायाळू हाय तो."

"भेटला. चांगलं बोलला," मी म्हणाले.

त्याच्यापेक्षा मला माझ्या हसण्याचाच राग येऊन राहिलाय. तुम्ही हसला असता का?