कंच्या पिक्चरमधलं?

सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात मी गायला लागले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली. "गा, पर स्टेजवर नाव घ्यायचं न्हाई. तुजंबी न्हाई आन घराचंबी न्हाई." आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. इस्लामपूरजवळ आमचा ऊस, भावकी मोठी आणि भावकीची तोंडं त्याहून मोठी. मला अट सोपी वाटली. गायला मिळतंय ना, मग नावाचं काय लोणचं घालायचंय? पोस्टरवर मी नुसती 'सांगलीची कोकिळा' होते.

सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमातली गाणी. अ‍ॅकॉर्डियन, बोंगो, एक गिटार आणि मधोमध चकाकता कोट घातलेला निवेदक. त्याने सिनेमाचं नाव सांगितलं की टाळ्या पडायच्या. मला मात्र माझी स्वतःची गाणी म्हणायची होती. चाली मला एसटीत सुचायच्या, पलूसच्या स्टँडवर सुचायच्या, धुणं धुताना सुचायच्या. शब्द मागून येऊन बसायचे. त्यातलं एक गाणं मी मास्तरांना, आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना, ऐकवलं. फौजीची वाट बघणाऱ्या बायकोचं गाणं, पण ठेका असा की पाय आपोआप हलावा. मास्तरांना आवडलं. लांबतंय म्हणून त्यांनी तिसरं कडवं तेवढं कापलं. मला भयंकर राग आला, कारण तेच माझं लाडकं होतं.

पहिल्यांदा ते एका जत्रेत म्हटलं. निवेदक नुसतं 'एक नवीन गाणं' म्हणाला. दोन ओळी होतात न होतात तोच पब्लिकमधून आवाज आला, "कंच्या पिक्चरमधलं हाय रं?" निवेदकाला माझं नाव सांगायची सोय नव्हती. मग शिट्ट्या सुरू झाल्या आणि एक चप्पलही आली. गाणं अर्ध्यात सोडून मी आत गेले आणि ढसाढसा रडले.

पुढच्या कार्यक्रमात निवेदकाने शक्कल लढवली. "आता ऐका, आगामी मराठी चित्रपटातलं एक गीत!" तेच गाणं, तोच आवाज, आणि वन्स मोअर मिळाला. त्या दिवसापासून माझं गाणं सिनेमाचं झालं. दुसरे ऑर्केस्ट्रेही ते म्हणू लागले. बँडवाले वरातीत वाजवू-गाऊ लागले. तंबूच्या टॉकीजवाल्याला लोक विचारायचे, त्यो पिक्चर कवा लागणार म्हणून. मला हसू यायचं आणि रागही. सगळ्या मुलखाच्या तोंडी माझं गाणं होतं आणि ते माझं आहे असं सांगायला एक माणूस नव्हता.

आबा माझ्या कार्यक्रमाला कधी आले नाहीत. एकदा मात्र ते रहिमतपूरला पाहुण्यांच्या लग्नाला गेले, आणि परत आल्यावर जेवताना मला म्हणाले, "बँडवर एक गाणं ऐकलं पोरी. फौजी माणसाच्या बायकूचं. लय झ्याक. येवढी गातीयास, तुला न्हाई व्हय आसलं काय सुचत?"

मी म्हटलं, "आबा, त्ये माजंच हाय."

"उगं काय बी बोलू नगंस. पिक्चरचं हाय त्ये. बँडवाल्यानंच सांगितलं."

मी वाद घातला नाही. ताटावर बसूनच कापलेलं तिसरं कडवं म्हटलं.

हिरव्या ट्रंकेला दोन कुलपं,
एक किल्ली माझ्या गळ्यात,
दुसरी गेली रेल्वेत बसून
बर्फाच्या मुलखात.

आबांच्या हिरव्या ट्रंकेला खरोखरच दोन कुलपं होती. एकाची किल्ली आबा पलटणीत घेऊन जायचे, दुसरी आईच्या मंगळसूत्रात असायची. ते सुट्टीवर आले की दोघं मिळून ट्रंक उघडायची. हे आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. आई चुलीपाशी डोळ्यांना पदर लावून बसली. आबांनी ताट बाजूला सारलं.

"मग तुजं नाव का न्हाई घेत त्ये लोक?"

"तुमीच सांगितलंय की आबा. घ्यायचं न्हाई म्हणून."

आबांनी हात धुतला आणि ते बाहेर जाऊन बसले.

पुढचा कार्यक्रम इस्लामपुरात होता. पडदा सरकला आणि बघते तर पहिल्या रांगेत फेटा बांधून आबा. निवेदकाने नेहमीचं सुरू केलं, "आगामी मराठी चित्रपटातलं..." तोच आबा उठून उभे राहिले.

"पिक्चरमधलं न्हाई त्ये! माज्या लेकीचं हाय. तिनं लिवलंय, चालबी तिचीच." आणि त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. भावकी मागेच बसली होती.

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आवं आबा, बसा खाली! म्या बघितलाय त्यो पिक्चर."

मी गायला सुरुवात केली. त्या दिवशी मास्तरांना न विचारता तिन्ही कडवी म्हटली. आबा खाली बसले नाहीत. गाणं संपेपर्यंत तसेच उभे होते.