देवामार्फत सासरे

देवाला कामाला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. बाकीचे लोक देवाजवळ मागतात, रडतात, आभार मानतात. आमचे मामा देवाला झापत. हयातभर ते नगर-मनमाड रस्त्यावर खडी पसरणाऱ्या टोळीचे मुकादम होते, आणि स्वर्गातला पिता हाही आपल्या हाताखालचाच एक ढिला गडी आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. प्रार्थनेला बसले की डोळे मिटायचे, मान वर करायची आणि कोल्हारच्या पुलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायचं, "देवा, काल काय सांगितलं हुतं मी तुला?" कालचं काम बहुधा झालेलं नसेच. मग देवाची खरडपट्टी निघे आणि आम्ही डोळे मिटून ती ऐकत असू. नोकरी संपून किती वर्षं लोटली तरी रस्ता मामांचाच होता. लोखंडी धावेची बैलगाडी मधून चालली की ओट्यावरून काठी घेऊन धावत, "माझी खडी उकरतोस व्हय रं? कडंनं हाक!" दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत लष्कराच्या लॉऱ्या जायच्या, त्यांच्याही आडवे उभे राहत. ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून थके आणि शेवटी मामांच्या काठीच्या इशाऱ्यावर लॉरी हळूहळू पुढे नेई.

सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. म्हणतात म्हणजे तिसऱ्याशी बोलताना. कारण त्यांच्याशी बोलायची सोयच नव्हती. घराणं ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, जुनं पुष्कळ सुटलं होतं, पण सून आणि सासरा यांनी तोंडासमोर बोलायचं नाही ही रीत मामांनी काही सोडली नव्हती. मी नगरच्या मास्तरांची मुलगी, सगळ्यांशी घडाघडा बोलून वाढलेली. मला या प्रकाराची पहिल्या दिवसापासून चीड होती. यजमान घरी होते तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात. ते लढाईच्या नोकरीवर देवळालीला गेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात उरलो मी, मामा आणि माझी लेक रूथ. आता मध्ये निरोप्या कोण? मामांनी देवाला नेमला.

मामा आधी आमटीत बोट बुडवून चाखत, मग जेवणापूर्वीची प्रार्थना अशी होई : "हे प्रभू, तू आमाला रोजची भाकर दिलीस, तुझे लई उपकार. पर आमटीत मीठ न्हाई. कालबी नव्हतं. जिचं काम हाय तिला बुद्दी दे. आमेन." माझ्या अंगाचा तिळपापड होई, पण प्रार्थनेत मध्ये बोलता येत नाही. मी संध्याकाळच्या माझ्या पाळीपर्यंत दम धरी आणि मग हात जोडून म्हणे, "हे दयाळू पित्या, ज्यांना अंगणात तंबाखू थुंकायची सवय आहे त्यांना पश्चात्ताप दे. आणि घरातलं रॉकेल संपलं आहे, हेही तुला ठाऊक आहेच." मामांचं आमेन दात खाऊन येई, पण दुसऱ्या दिवशी रेशनच्या रांगेत उभं राहून रॉकेलही येई. आमचे पाळकसाहेब उपासनेत आमच्या घराचा दाखला देत, की इतकी प्रार्थना गावात दुसऱ्या कुठल्या घरात होत नाही. खरंच होत नव्हती.

त्या हिवाळ्यात रूथ आजारी पडली. नुकती कुठे भिंत सोडून चालू लागली होती. आधी खोकला, मग ताप, आणि मग एका सकाळी तिच्या नाकपुड्या श्वासागणिक फुलू लागल्या, बरगड्यांखाली खळगा पडू लागला. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, "हिला डबा झालाय, छाती भरलीय. पोटाला डागून घ्या, उशीर करू नका." मामा ओट्यावर होते. त्यांनी तिथूनच मान वर केली आणि म्हणाले, "देवा, ह्या बाईला आदी डागून बघ. गुन आला तर मंग पोरीचं बघू." शेजारीण पदर झटकून गेली ती बरेच दिवस फिरकली नाही. मग मामा काठी घेऊन रस्त्यात उभे राहिले, दिसली ती पहिली लॉरी अडवली आणि मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला घेऊनच परतले. त्या सकाळी मला मामा फार आवडले. दुपारी आवडेनासे झाले.

डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, या थंडीत हलवू नका, घरीच सांभाळा. त्यांनी गोळ्या दिल्या. अर्धी गोळी कुटून पाण्यातून ठरल्या वेळी द्यायची, वर पाणी भरपूर पाजायचं, गोळी जास्त झाली तर लघवी अडते म्हणून ती होते की नाही बघायचं, छातीला जवसाचं पोटीस बांधायचं आणि खिडकी उघडी ठेवायची. हे त्यांनी आत मला सांगितलं आणि बाहेर ओट्यावर मामांनाही सांगितलं. घोटाळ्याचं मूळ हेच झालं, कारण एकच काम दोघांना सांगितलेलं आणि दोघांची तोंडं एकमेकांना बंद. मी खिडकी उघडावी, मामांनी लावावी. लावताना म्हणावं, "देवा, पोरीच्या उरावर वारं घालनारी माय कुठं पाह्यलीस का?" मी पोटीस शेकत म्हणावं, "प्रभू, डॉक्टरांपेक्षा मुकादमाला जास्त कळत असेल तर तसं सांग." ते गोवऱ्यांची शेगडी आत आणून ठेवत, धुराने पोर खोकून खोकून काळीनिळी होई. मी शेगडी उचलून अंगणात आदळली. माझं मूल जाईल की राहील ते मला कळत नव्हतं आणि हा माणूस आढ्याकडे बघून माझी चुगली करत होता! इतका संताप मला जन्मात कुणाचा आला नव्हता.

एका दुपारी रूथला गोळी देऊन, ती झोपल्यासारखी वाटली म्हणून मी चुलीवर जवस शिजवायला गेले. परत येते तर मामा बाजेशी बसलेले, हातात ओला चमचा, पोरीच्या ओठांवर पांढरी भुकटी. तेवढ्यात तिला उमासा आला, भडभडून ओकली आणि मान टाकून पडली. ओठ निळसर दिसू लागले. गोळीची वेळ झाली, सून विसरली, असं मामांना वाटलं होतं. मला विचारायचं तर रीत आडवी, आणि देवामार्फत टोमणे जात, सरळ प्रश्न कधी जात नसे. म्हणून त्यांनी आपल्या हातानेच गोळी कुटून पाजली होती.

"मामा, तुम्ही गोळी दिलीत?"

त्यांना उद्देशून मी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. ते दचकले. सवयीने डोळे मिटले, मान वर गेली. "देवा, येळ झाली हुती म्हनून मी…"

मी त्यांचं मनगट धरलं आणि ओरडले, "देवाला नाही, मला सांगा! किती दिलीत? माझ्याकडे बघून बोला!"

रस्त्याने जाणारी एक बैलगाडी थांबली, इतका माझा आवाज चढला होता. मामांनी डोळे उघडले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं असेल. खडीच्या टोळ्या थरथरवणारा तो आवाज इतका बारीक झाला होता की मला ओठांकडे बघावं लागलं.

"आर्दी," ते म्हणाले. "तू दिली हुतीस व्हय, पोरी?"

"दिली होती. विचारायचं होतं मला!"

"कसं इचारू?"

रूथला पुन्हा उमासा आला. "तिला धर तू," मामा म्हणाले, "पानी मी पाजतो." मी मांडीवर घेतलं, ते चमच्या-चमच्याने पाणी घालू लागले. ती ओके, ते पुन्हा घालत. देवाचं नाव त्या दुपारी त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा रूथच्या ओठांवर थोडी लाली आली आणि माझं लुगडं एकाएकी गरम, ओलं झालं. "मुतली!" मामा उठून उभे राहिले. "पोरी, मुतली!" हे मात्र पुलापर्यंत ऐकू गेलं असणार.

त्यानंतर आजार उतरेपर्यंत आम्ही बोलत होतो. "मामा, गोळी दिली." "ऐकलं." "मामा, आता पाणी." "ऐकलं." खिडकी उघडी राहिली, घोंगडी पांघरून मामा खिडकी आणि बाजेच्या मध्ये बसले आणि वारा आपल्या पाठीवर घेत राहिले. भांडत मात्र होते. पोटीस फार कढत आहे, मी फार रडते, ताप फार रेंगाळतो आहे, सगळ्यांवर सारखा राग. एका पहाटे रूथ घामाने भिजली, ताप उतरला, आणि आठवडाभरात दुधात कुस्करलेली भाकरी मागू लागली.

त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा मला वाटलं, आता रीत मोडली, आता सरळ बोलतील. मामांनी डोळे मिटले. "देवा, पोर परत दिलीस, तुझे उपकार. तिच्या मायला सांग, त्या दिशी माझी लई मोठी चूक झाली. माझ्या तोंडातून निघत न्हाई, तू सांग." एक डोळा उघडून त्यांनी आमटीत बोट बुडवलं, चाखलं. "आनि आमटीत मीठ न्हाई. आमेन." मी माझ्या पाळीची वाट पाहिली नाही. तिथेच म्हणाले, "प्रभू, त्यांना सांग, मी ऐकलं."

मामांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. रस्ता डांबरी झाला, त्याच्यासाठी भांडणारं कुणी उरलं नाही. रूथचं लग्न झालं, तिची मुलं मोठी झाली. आमच्याकडे आता सगळे सगळ्यांशी तोंडावर बोलतात आणि प्रार्थना हळू आवाजात, दोन वाक्यांत आटपते. परवा सगळे जमले होते आणि माझ्या हातून आमटी अळणी झाली. पहिल्याच घासाला माझ्या लक्षात आलं. मी थांबले, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे शहाण्यासारखे मुकाट्याने जेवले, कुणी देवाला काही सांगितलं नाही. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.