आधी तोंडाने आवाज काढा

आमच्या ह्यांच्या गॅरेजात जुन्या, ऐटदार गाड्या येतात. कातडी सीट, लाकडी डॅशबोर्ड, आणि तब्येत म्हणाल तर रोज नवी कुरकुर! एखादी रात्रभर उभी केली की एका बाजूला बसते, गर्दीत थांबली की तापते. मालकांचा जीव मात्र त्यांच्यात असा अडकलेला, की पोटच्या पोरालाही एवढं जपलं नसेल.

ह्यांना सगळे कानसेन म्हणतात. गाडी फाटकातून आत येतानाच आवाजावरून दुखणं सांगायचे, म्हणून. अलीकडे मात्र ह्यांनी नवीनच टूम काढली होती. बॉनेट उघडायच्या आधी मालकाला समोर उभं करायचं आणि म्हणायचं, "आधी तोंडाने आवाज काढा."

मग काय विचारता! बँकेतले साहेब टाय सावरत "कुंईईई" करायचे.

"स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर ना?" हे म्हणायचे. "त्याचं तेल कमी झालंय. कुठून गळतंय ते बघू."

एक वकील तर गाडी गतिरोधकावर कशी "धाड्-खट्" करते, ते चक्क उडी मारून दाखवायचे. मी दुपारचा डबा घेऊन गेले की हा तमाशा फुकटात बघायला मिळायचा. हसून हसून पुरेवाट व्हायची.

घरी मात्र उलटं. मी ओट्याशी उभी राहून दिवसभराचं सगळं सांगायचे आणि हे ढिम्म. "अहो, मी काय भिंतीशी बोलतेय?" म्हणून ओरडले, तर म्हणायचे, "हं, बरोबर आहे तुझं." काय बरोबर? भाजी करपली हे बरोबर? मला वाटायचं, इतक्या वर्षांनी माणसाला माझा कंटाळा आलाय. असं डोकं फिरायचं, आणि वाईटही वाटायचं.

मग एका दुपारी एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. गाडी त्यांच्या वडिलांची, लांबलचक. लेकीला मुलगा झाला होता, आणि दुसऱ्याच दिवशी बाईंना डोंगरातल्या रस्त्याने तिच्याकडे निघायचं होतं.

"सकाळी चालू करताना कसलासा आवाज येतो आणि लगेच थांबतो," त्या म्हणाल्या. आता इंजिन तापलेलं, त्यामुळे तो आवाज काही येईना.

"तोंडाने काढा," हे म्हणाले.

बाई पडल्या लाजाळू. चारचौघांत तोंड वेडंवाकडं कसं करायचं? त्यांनी तोंडावर रुमाल धरला, पाठ फिरवली आणि भिंतीकडे बघून आवाज काढला. मला अगदी स्पष्ट ऐकू आला. ह्यांचा चेहरा मात्र उतरला.

"पुन्हा काढा."

पुन्हा पाठमोऱ्याच. त्यांचं तोंड दिसावं म्हणून हे बाजूला सरकून वाकले, तशा बाई आणखी वळल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! हा माणूस ऐकत नाहीये. हा बघतोय! इतके दिवस लोकांच्या ओठांवरून आवाज ओळखतोय. आणि मी आपली ओट्याकडे तोंड करून बोलतेय.

कानसेनाचे कान गेले हे बाहेर कळलं तर गाड्या यायच्या बंद होणार, आणि गॅरेजाशिवाय हा माणूस घरात झुरून जाणार. बरं, अंदाजाने काहीतरी ठोकून दिलं तर त्या बाई डोंगरात अडकणार.

"बहुतेक पट्टा सैल असेल," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून 'बहुतेक' मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मी डबा खाली ठेवला, ह्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, गाल फुगवले आणि सुरू केलं, "खळ्ळळळ-खट्!"

शेजारचा पंक्चरवाला हातातलं चाक सोडून बघायला आला. बाईसुद्धा वळल्या, लाज विसरून म्हणाल्या, "अंहं, शेवटी खट् नाही. नुसतं विरून जातं. आणि जरा खालच्या सुरात घ्या."

"खळ्ळळळ..."

"हां, आता बरोबर!"

ह्यांचे डोळे चमकले. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. मला गाडी चालू करायला लावली. बाहेर आवाज नव्हता, पण आतली बारीक खळखळ ह्यांना कानाने नाही, तर हाडाने कळत होती.

"आतली चेन सैल झालीय," हे म्हणाले. "तिला ताणून धरणारा भाग झिजलाय. रात्री त्यातलं तेल उतरतं, म्हणून सकाळी खळखळते. चेन दात सोडून सरकली तर इंजिनाचा चुरा. बाई, ही गाडी उद्या जाणार नाही." आता त्यात 'बहुतेक' नव्हतं.

बाई हिरमुसल्या, पण किल्ली ठेवून बसने गेल्या. झाकण उघडलं तेव्हा चेनला आधार देणाऱ्या पट्टीचे तुकडे तळाशी पडलेले निघाले. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी गॅरेज बंद करताना मी ह्यांना खांद्याला धरून माझ्याकडे वळवलं.

"का लपवलंत?"

"तू घाबरली असतीस." मग म्हणाले, "गाड्यांचं काय, हाताला कळतात. तुझी बडबड ऐकू येईना, त्याचं फार वाईट वाटायचं गं."

आणि मी मेली समजत होते, कंटाळा आलाय! मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा रुमाल पर्समध्ये होता. ह्यांच्या समोर उभ्या राहून एकेक शब्द स्वच्छ बोलल्या, बाळाचं रडणंसुद्धा तोंडाने काढून दाखवलं. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं. पुढे त्यांनी ओळखीचे कितीतरी गाडीवाले आमच्याकडे पाठवले, तेही "समोर उभं राहायचं आणि लाजायचं नाही" अशी ताकीद देऊन.

आता मी डबा देऊन परत जात नाही. तिथेच स्टूल टाकून बसते. कानाच्या यंत्राचं मात्र हे काही मनावर घेईनात. परवा मी समोर उभी राहिले आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "उद्या यंत्र आणायला जायचं."

"ऐकू आलं नाही," हे म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी चपला घालून दारात उभे होते.