खाचरातला आडोसा

आमची आत्या भाताची लावणी करायची ती गाणं म्हणत. रिहे गावातल्या खाचरात वाकलेल्या बायकांच्या ओळीत तिचा हात सगळ्यात चलाख. कुणी रेंगाळली, की गाण्यातच नाव गुंफून तिला टोमणा बसायचा. मीही तो खाल्लाय.

एका वर्षी तिचं गाणं बंद झालं. पाय सुजले, तर म्हणाली, "चिखलात उभं ऱ्हाऊन पाय फुगत्यात, त्यात नवं काय?" लावणीत सगळ्यांचेच फुगतात, म्हणून आम्हालाही ते पटलं. पण लावणी उरकली तरी सूज उतरेना. आडवी झाली की धाप लागे, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपू लागली.

पौडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हृदय बंद पडलेलं नाही, अशक्त झालंय. रक्त जोरानं पुढे ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. आधी पायांत, मग फुफ्फुसांत."

"म्हंजी मोरी तुंबली की खाचर भरतंय, तसंच की!" आत्या म्हणाली.

लघवीवाटे पाणी काढणारी गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं. तिच्या सुनेनं लोणच्याची बरणी वर ठेवली, तेव्हा आत्यानं सुस्कारा सोडला, "माजी जीबच फळीवर ठिवली हिनं." पण सूज उतरली. ती पुन्हा गुणगुणायला लागली.

पुढच्या लावणीला घरात बसेल तर ती आत्या कसली! "नुसती बांधावर बसतीया," म्हणत गेली आणि खाचरात उतरली. काही दिवसांतच बोलताना तिचं वाक्य तुटू लागलं. गोळी घेतेस ना, असं विचारलं की "घेतीया की" हेच उत्तर. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे तिनं मला जवळ बोलावलं.

"लावणीत गोळी घेतलीच न्हाई बघ. घेतली की घडीघडी जावं लागतंय. पयली करवंदीची जाळी हुती. आता चारी अंगानं बंगलं. शनवार-रैवारी गच्चीवर मानसं. आडोसा कुटं हाय?"

त्या दवाखान्यातून आत्या घरी आली नाही. मला अजून हळहळ वाटते. मीठ किती, धाप किती, झोप किती, सगळं तिला विचारून झालं होतं. शेतात असताना ती जाते कुठे, हे मात्र कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

यंदा लावणीच्या सकाळी सुनेनं रोपांना हात लावण्याआधी बांधाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवले आणि भोवती आत्याचं जुनं लुगडं गुंडाळलं. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला.