आई आहे तोवर

त्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तानाने आयुष्यात एकही जहाज चालवलेलं नव्हतं. दातांच्या दवाखान्यात तो कवळ्या बनवायचा, एकतीस वर्षं. मागच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि त्यांच्यावर, भिंतीवर, समुद्राचा भलामोठा नकाशा. नकाशावर निळ्या पेन्सिलीने एक रेघ होती, बंदरातून निघून बेटाबेटांनी तीन वर्षं फिरत जाणारी. ती इतक्यांदा गिरवलेली होती की तिथला कागद विरत आला होता.

होडीही होती बरं का, नुसत्या गप्पा नव्हत्या. बारा वर्षांपूर्वी त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली, सुट्टीच्या दिवशी तिचं बूड घासलं, रंग दिला, शिडं शिवून घेतली, एक छोटं इंजिन बसवलं, आत झोपायला फळी केली. नोकरी सोडून निघायची तारीखही होती. म्हणजे तारखा होत्या. पंचेचाळिसावं लागलं की. मग पन्नासावं लागलं की. मग भाचीचं लग्न झालं की. भाचीला दोन मुलं झाली, थोरलं शाळेत जायला लागलं आणि तारखा संपल्या. तेव्हापासून कोणी विचारलं, की कप्तान हातातलं काम खाली न ठेवता म्हणायचा, "आई आहे तोवर कसलं निघणं?"

या वाक्यापुढे कोणाचं काही चालत नसे. विचारणाऱ्याचा चेहरा मऊ व्हायचा. डॉक्टरीणबाई तर नव्या पेशंटांनाही कौतुकाने सांगायच्या, "आमच्या कप्तानांनी आईसाठी समुद्र सोडलाय." कप्तान मान खाली घालून कवळी घासत राहायचा. लोकांना वाटायचं, किती हा विनय!

खरी गोष्ट त्याला ठाऊक होती आणि एका मासेमाराला. सहा वर्षांपूर्वी एका स्वच्छ दुपारी कप्तान एकटाच होडी घेऊन बंदराच्या भिंतीबाहेर गेला होता. वादळबिदळ काही नव्हतं. कपडे लवकर वाळावेत एवढाच वारा. पण भिंत मागे पडली, होडी एका अंगावर कलली आणि याचे हातपायच गळाले. हातातली दोरी सुटली, शीड फडफडायला लागलं आणि हा होडीच्या तळाशी अंगाचं मुटकुळं करून, डोळे गच्च मिटून पडून राहिला. तोंडाने "आई गं, आई गं" चाललेलं. त्या मासेमाराने दोर टाकून होडी ओढून आणली. भला माणूस, एक शब्द बोलला नाही. घरी कप्तानाने सांगितलं, इंजिन बिघडलं. त्यानंतर होडी धक्क्यावरून हलली नाही. रंग मात्र दर वर्षी नवा.

आई ब्याऐंशीची. तिने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात घालवली होती. दात सगळे गेले, पण कान तिखट. तिची खालची कवळी सैल होऊन बोलताना घसरायला लागली, तेव्हा नवीन करायची म्हणून कप्तान तिला दवाखान्यात घेऊन आला. पुढची खोली पेशंटांनी भरलेली. त्याने तिला आपल्याच खोलीत, लाकडी आडोशामागच्या जुन्या खुर्चीत बसवलं. माप घ्यायचा गुलाबी लगदा कालवून साच्यात भरला आणि साचा तिच्या तोंडात बसवला.

"आता तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. लगदा घट्ट होऊ दे," म्हणाला आणि वाडगं धुवायला मोरीशी गेला.

तेवढ्यात शेजारच्या दुकानाचा औषधवाला दारातून डोकावला. "काय कप्तान, निघताय कधी?"

एखाद्याने शिंकावं तसं कप्तानाच्या तोंडून गेलं, "आई आहे तोवर कसलं निघणं?" आणि तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही! वर हसून म्हणाला, "बांधून ठेवलंय हो म्हातारीने. नाहीतर कधीच गेलो असतो."

औषधवाला हळहळून निघून गेला. आडोशामागे खुर्ची करकरली. कप्तानाच्या हातातलं वाडगं हातातच राहिलं. आई बोलू शकत नव्हती. तोंडात लगदा होता आणि अजून दोन मिनिटं बाकी होती. ती दोन मिनिटं तो तिच्यासमोर घड्याळाकडे बघत उभा राहिला, कारण तिच्याकडे बघायची छाती नव्हती. मग बोटं तिच्या तोंडात घालून त्याने साचा बाहेर काढला.

आईने ओठ पुसले. "नीट आलं का माप?"

"आलं."

आलं नव्हतं. उजव्या कडेला लगदा दबला होता. मधेच तिने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला होता आणि जिभेने तिथे खळगा पाडला होता. माप पुन्हा घ्यायला हवं होतं. पण पुन्हा घ्यायचं म्हणजे पुन्हा तीन मिनिटं तिच्यासमोर उभं राहायचं.

चार दिवसांनी आईची बॅग दाराशी होती. "तुझ्या ताईकडे राहते मी. तू नीघ आता."

"अगं आई, मी सहज बोललो गं."

"सहज बोललास म्हणूनच कळलं."

तेव्हाच सांगता आलं असतं. शब्द अगदी तोंडाशी आले होते, पण गड्याची दातखीळ बसली. त्याने बॅग उचलली, आईला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. स्वतःचीच शिसारी येत होती, तरी हात हलवून निरोपही दिला.

दवाखान्यात बातमी पसरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मोकळे झालात! मी नवा माणूस बघायला लागू ना?" कप्तानाने मान डोलावली. निघायची तारीख दुसऱ्यांनीच ठरवायला घेतली होती आणि हा दिवसभर आईच्या जबड्याच्या साच्यासमोर बसायचा. प्लास्टरमध्ये तो खळगा उलटून उंचवटा झाला होता. कप्तान त्यावरून बोट फिरवायचा. काय म्हणणार होती ती? 'खोटं बोलतोस'? की 'जा'? की नुसतंच 'अरे'?

कवळी तयार झाली. ती घेऊन तो ताईकडे गेला, तोवर दोन महिने झाले होते. तिसरा मजला, जिना अरुंद. आईची कॉट येण्याजाण्याच्या वाटेवर, चपलांच्या कपाटाला लागून टाकलेली. आई कॉटच्या कडेला, पाहुण्यासारखी अंग चोरून बसली होती. ते अंग चोरणं बघितलं आणि कप्तानाला राहवलं नाही.

"आई, मी तुझ्यामुळे थांबलो नव्हतो. मला भीती वाटते. पाण्याची."

आई बघत राहिली. "आणि ते इंजिन?"

"इंजिनाला काही झालं नव्हतं."

त्याने सगळं सांगितलं. मुटकुळं, मासेमार, आई गं, सगळं. आईचा हात त्याच्या डोक्यावर येईल असं त्याला कुठेतरी वाटत होतं. माणूस पन्नाशी उलटली तरी असल्या आशेवर असतो. हात आला नाही.

"दोन महिने," आई म्हणाली, "रोज सकाळी डोळे उघडले की मला वाईट वाटायचं. अजून आहेच मी, असं. पोराचं वय चाललंय, म्हटलं, आणि ही म्हातारी काही आटपत नाही."

कप्तानाने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण खाली फरशी होती आणि फरशीवर ताईच्या नातवंडांचे शाळेचे बूट.

"घरी चल," तो म्हणाला.

"येईन. पण ज्यांना ज्यांना ते सांगितलंस, त्यांना हे सांगायचं. माझ्यासमोर."

पुढच्या आठवड्यात आई पुन्हा त्या जुन्या खुर्चीत बसली होती, तोंडात नवी कवळी. आडोसा कप्तानाने भिंतीला लावून ठेवला होता. डॉक्टरीणबाईंना आत बोलावलं, औषधवाल्यालाही. निरोपाचं काही असेल म्हणून औषधवाला शर्ट खोचून आला होता.

"आईमुळे नाही थांबलो मी," कप्तान म्हणाला. कान लालबुंद झालेले. "मला समुद्राची भीती वाटते. एकदाच बाहेर गेलो आणि मला ओढून आणावं लागलं. इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं."

डॉक्टरीणबाई हातमोजे काढायला लागल्या. एक निघाला, दुसरा निघेना. औषधवाल्याने कुठे बघावं ते न कळून नकाशाकडे बघितलं, आणि सवय कुठे जाते, विचारून बसला, "मग निघताय कधी?"

"माहीत नाही," कप्तान म्हणाला. "त्या मासेमाराला विचारलंय, सोबत याल का म्हणून. भिंतीबाहेर जाऊन परत यायचं, एवढंच आधी."

खुर्चीतून आईने जबडा डावी-उजवीकडे हलवून बघितला.

"उजवीकडे टोचतंय," ती म्हणाली.

"माप चुकलंय. तेव्हाच चुकलं होतं, मला दिसलं होतं. पुन्हा घ्यावं लागेल."

आईने कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"मग घे," म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.