उसावर थांबलेला ड्रोन

सूर्यभान लहारे यांना पुणतांब्यात कुणी भांडताना पाहिलेलं नाही. पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातात अशा गावात हा माणूस शेजाऱ्याचं भरणं पुरं होईस्तोवर बांधावर बसून राहायचा. आमची वस्ती त्यांच्या वस्तीला लागून, त्यामुळं मी हे लहानपणापासून बघत आलो. दोन खोल्या, पडवी, मागं गोठा आणि तिन्ही अंगांनी ऊस. मुलगा कल्याण नोकरीला नगरात, सावेडीला फ्लॅट घेऊन राहिलेला. वस्तीवर सूर्यभानदादा आणि सविताकाकू, दोघंच.

घरात एक बंदूक होती. एकनळी, बाराबोर. दादांच्या वडलांनी रानडुकरांपासून पीक राखायला परवाना काढला होता, तो पुढं दादांच्या नावावर झाला. डुकरांचा कळप आला की आभाळाकडं एक बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, संपली की घेऊन यायची. जनावरावर किंवा माणसावर त्यांनी ती कधी रोखलीसुद्धा नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडं बिबट्याची दहशत बसली. नदीपलीकडं गुरांसाठी घास कापायला गेलेल्या एका बाईला त्यानं मानेला धरून उसात नेलं. त्यानंतर दादांच्या गोठ्यातली कालवड गेली. सकाळी नुसतं तुटलेलं दावं आणि उसात गेलेली फरफट. त्या दिवसापासून सविताकाकू पाणी तापवायलासुद्धा एकट्या बाहेर येईनात. कुत्रं गुरगुरलं की दोघं बोलता बोलता थांबायचे.

त्यात आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातली भीती अजून गेली नव्हती. तेव्हा गावोगाव ड्रोन फिरतात, चोर वरून घरं हेरतात, मग दरोडा पडतो, अशी आवई उठली होती. माणसं काठ्या घेऊन गच्चीवर बसायची. दरोडा कुठं पडला ते कुणी सांगू शकलं नाही, पण आभाळात लाल-हिरवा दिवा दिसला की माणसं आत शिरून कड्या लावायचीच.

अशा दिवसांत कल्याणची मुलगी ईरा सुट्टीला आली. आठ वर्षांची. बिबट्याचं ऐकून तिची आई लीना पाठवायला तयार नव्हती. दादांनीच फोनवर शब्द दिला होता, "पोरीला उंबऱ्याबाहेर एकटी सोडनार न्हाई."

त्या दिवशी दिवस कलला होता, उजेड होता. ईरा गोठ्यापाशी वासराला घास भरवत होती, काकू शेजारी धार काढत होत्या. पूर्वेकडच्या उसावरून घरघर ऐकू आली. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी. बघता बघता आवाज वाढला आणि एक काळा ड्रोन उसाच्या तुऱ्यांवरून गोठ्याच्या दिशेनं येऊन हवेत थांबला. पुढं जाईना, मागं जाईना. पोटाखालचा कॅमेरा इकडं तिकडं वळत होता. मग तो आणखी खाली आला.

काकू चरवी टाकून ओरडल्या, "आवं, ते आलं बघा! पोरीवर आलं!"

दादा पडवीतून धावत आले. ड्रोन, खाली नात. पुढचं त्यांना नीट आठवत नाही. आत जाऊन बंदूक काढली, पहिलं काडतूस खाली पडलं, दुसरं घातलं.

"आबा, नका मारू! ड्रोन आहे तो नुसता," ईरा म्हणाली. तिनं लग्नात पाहिला होता.

"आत पळ!"

"आबा, नका ना..."

दादांनी बार काढला.

ड्रोन एका अंगाला कलला, भिंगरीसारखा फिरला आणि उसाच्या पट्ट्यापलीकडं पडला. वासरू दावं ओढत हंबरू लागलं. ईरा कानांवर हात ठेवून खाली बसली होती. दादांना क्षणभर वाटलं, सुटलो. आणि तेवढ्यात उसापलीकडून बाईची किंकाळी आली.

पलीकडं काय होतं हे दादांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच जागा दिली होती. तोडून झालेल्या वावरात पाथर्डीकडची ऊसतोड टोळी उतरली होती, राहायला उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या घालून. ड्रोन उंच असता तर छर्रे आभाळात गेले असते. तो खाली आला होता, म्हणून नळीही खाली आली होती.

दादा बंदूक टाकून बांधावरून धावले. मीही आवाज ऐकून निघालो होतो. आम्ही पोचलो तेव्हा लंकाबाई नावाची टोळीतली बाई चुलीपुढं बसली होती, एका हातानं अर्धा चेहरा दाबून. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत उतरलं होतं. तव्यावरची भाकरी करपत होती.

"काय लागलं मला? काय लागलं?" ती पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

तिच्या नवऱ्यानं दादांची गचांडी धरली. "तू झाडली का? बोल, तू झाडली का?"

तेव्हाच धुराचा वास आला. ड्रोन पडला होता तिथं पाचटात निळसर धूर फुसफुसत होता. कुणीतरी कळशी ओतली, तशी आतून ठिणग्यांचा फवारा उडाला आणि पाचटानं पेट घेतला. वाळलेलं पाचट ते, जाळ कोप्यांकडं सरकायला लागला. बायकांनी लेकरं उचलली, गडी ओल्या पोत्यांनी झोडपू लागले. पाणी टाकलं तरी ड्रोनची बॅटरी विझून पुन्हा पेटत होती.

कच्च्या रस्त्यानं एक जीप आली. दोघं वनखात्याचे, आणि तिसरा केदार नावाचा तरुण, ड्रोन उडवणारा. गळ्यात पडदा लावलेलं यंत्र. तो उतरायच्या आधीच ओरडला, "सगळे एका जागी या! उसाकडं पाठ करू नका! बिबट्या आहे आत!"

कुणाला काही कळेना. केदारनं दादांकडं पाहिलं. "तुम्ही पाडलं का काका? अहो, त्याच्यावरच थांबलो होतो मी. तुमच्या गोठ्यामागं, उसाच्या कडेला दबून बसला होता. मुलगी दिसत होती मला पडद्यावर. आमची माणसं तिकडंच निघाली होती."

"मंग आता कुठं गेला?" मी विचारलं.

"काय सांगू? पडदा काळा झाला."

ते ऐकल्यावर दादांनी वळून वस्तीकडं पाहिलं. वस्तीवर ईरा आणि काकू दोघीच होत्या. दार लावलं होतं की उघडं, हे त्यांना आठवेना. वनखात्याचा एक माणूस काठी आणि फटाके घेऊन तिकडं पळाला. आम्ही इकडं जाळ झोडपत होतो आणि प्रत्येक जण मान वळवून उसाकडं बघत होता. तुरे हलले की हात थांबायचे. वारा होता की तो होता, कुणी सांगावं? लेकरंसुद्धा रडायची थांबली होती.

जाळ विझला. दोन कोप्या गेल्या, माणूस गेलं नाही. वस्तीवर दोघी आतून कडी लावून पलंगाखाली बसलेल्या सापडल्या. बिबट्या कुठून निघून गेला ते कळलं नाही. गोठ्यामागं ओल्या मातीत त्याचे ठसे मात्र होते. वासरू बांधलं होतं तिथून हाकेच्याही आतल्या अंतरावर.

बिबट्या शोधायला वनखातं ड्रोन उडवणार असल्याचा निरोप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. दादांचा फोन बटणांचा. मी तो निरोप वाचला होता, पण दादांना सांगायचं असतं हे सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही.

पोलीस आले. बंदूक, उरलेली काडतुसं, परवाना, सगळं ताब्यात घेतलं. दादांना जीपमध्ये बसवलं तेव्हा ईरा दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडं हात केला. ती काकूंच्या मागं सरकली.

दुसऱ्या दिवशी कल्याणनं वकील गाठला, राधाकृष्ण काळे. वयस्कर, सावकाश बोलणारे. जामिनाचं काम झाल्यावर त्यांनी दादांना समोर बसवलं. दादा म्हणाले, "साहेब, रान माझं, घर माझं. माझ्या डोक्यावर आलं म्हनून मारलं. यात गुन्हा कसला?"

"सूर्यभानराव, जमीन तुमची आहे. वरचं आभाळ तुमचं नाही," वकील म्हणाले. "कायदा ड्रोनला विमानात धरतो. विमानावर गोळी झाडली असं मांडतील ते. सरकारी कामात अडथळा, मालाची नुकसानी आणि परवान्याच्या अटींचा भंग. पीक राखायला बंदूक दिली होती, हे त्यात बसत नाही. हे सगळं एकीकडं. त्या बाईचा डोळा गेला तर मग मी फार काही करू शकणार नाही."

"आन् चोराचं असतं तर?"

"चोराचं असतं तरी गोळी झाडायची नव्हती. पोरीला आत घ्यायचं, दार लावायचं, एकशे बाराला फोन करायचा. फोटो काढता आला तर काढायचा. वर गेलेली गोळी खाली येतेच. कुणावर येईल ते आपल्या हातात नसतं."

त्या दिवसांत दादांचं जेवण तुटलं. रस्त्यानं गाडी वाजली की उठून उभे राहायचे, पोलीस आले असं वाटून. गजाआड जायची भीती होतीच, पण खरी भीती दवाखान्यातून येणाऱ्या फोनची होती.

नगरच्या दवाखान्यात लंकाबाईच्या गालाच्या हाडातून एक छर्रा काढला. दुसरा डोळ्याच्या खोबणीच्या कडेला होता. डॉक्टरांनी तो काढला, पण सूज उतरेपर्यंत नजरेचं सांगता येणार नाही म्हणाले. दादांना तिला भेटायचं होतं. वकिलांनी स्पष्ट नाही सांगितलं, "साक्षीदाराला फोडायला गेले म्हणतील." तेव्हा मी गेलो.

पट्टी बांधलेलं अर्धं तोंड, आणि उरलेला डोळा छताकडं. मी दादांचं नाव काढलं तशी ती म्हणाली, "मानूस वाईट न्हाई, मला ठावं हाय. सरपान दिलतं त्यांनी. पर मी पोलिसाला खोटं सांगनार न्हाई. गोळी त्यांनीच झाडली."

"खोटं सांगा म्हणायला आलो नाही मी," म्हणालो.

"मंग त्यांना येक इचारा. माझं लेकरू पाठीमागंच निजलं हुतं. मी मधी बसले नसते तर?"

हा निरोप मी दादांना सांगितला. सांगायला नको होता की काय, अजून कळत नाही.

आठवड्याभरानं दुसरा ड्रोन आला. केदारनं आधी वस्तीवर येऊन सांगितलं, दादांना पडदाही दाखवला. करड्या दिसणाऱ्या उसात एक पांढरा ठिपका. "हा बघा काका, अंगाची गरमी दिसते." त्या ठिपक्याचा माग काढून पिंजरा लावला आणि दोन शेतं पलीकडं बिबट्याची मादी अडकली. सारं गाव बघायला लोटलं. दादा गेले नाहीत.

पट्टी निघाली तेव्हा लंकाबाईला दिसत होतं. थोडं धूसर, पण दिसत होतं. केस मात्र उभी आहे. परवाना रद्द झाला. राहात्याच्या कोर्टात तारखा पडतात, दादा स्वच्छ टोपी घालून जातात आणि पुढची तारीख घेऊन येतात. सावेडीहून फोन येतो, पण ईरा या उन्हाळ्यात आली नाही. कल्याण म्हणाला, शिबिर आहे. काकूंना लीनानं खरं सांगितलं: पोरीला बिबट्या स्वप्नात येत नाही, आबा येतात.

हंगाम संपला तशी टोळी निघाली. ट्रकमध्ये सामान चढत असताना दादा बांधापर्यंत गेले, पण पुढं जायचा धीर होईना. लंकाबाईच खाली उतरून आली. गालावर खड्डा पडला होता.

"डोळा?" दादांनी एवढंच विचारलं.

"हाय. वारं लागलं की पानी येतं." "पर आता वर कायबी घुमलं का मी पळते, बाबा. घार असली तरी पळते. टोळीतल्या बाया हसत्यात."

दादांनी हात जोडले. ती पदर चेहऱ्यावर ओढून ट्रककडं गेली.