केसांचं लोणी आणायला हमरियाहून देऱ्याला

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मला कळलं की माझी शिया बटरची अख्खी बरणी आमच्या खोलीतल्या माणसांनी उकडीच्या मोदकांवर घालून खाल्ली. प्रवासाचं ठरलं ते तिथेच.

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. मी तेव्हा शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात कामाला होतो आणि कामगारांच्या कॅम्पात राहत होतो. खोलीत सगळे सिंधुदुर्गातले. स्वयंपाक बाबलदादाकडे, कारण त्याच्याशिवाय कुणाचंच मीठ बरोबर पडत नसे. मी रिकामी बरणी त्याच्यापुढे धरली.

"अरे मेल्या, कपाटात कुलपात तूप लपवून ठेवतंस," तो उलट माझ्यावरच चढला, "आणि देवाच्या कामाक पण भायर काढणंस नाय? लाज नाय वाटणा?"

"दादा, तां तूप नाय. केसांका लावूचा असा."

बाबलदादाने बरणी हुंगली. "म्हणान जरा वास येय होतो," तो म्हणाला. "माका वाटला, गायीन काय्येक खाल्ल्यान असतला."

दोष त्याला देता येत नव्हता. थंड खोलीत शिया बटर पिवळट, दाणेदार गोठतं आणि गरम मोदकावर विरघळतं. कुठल्याही मालवणी माणसाला ते तूपच वाटणार. प्रश्न माझ्या केसांचा होता.

आता केसांचं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. गावी माझ्या मामाची दशावतारी कंपनी आहे. दशावतारात बायकांची कामं पुरुष करतात, आणि राणीचं काम माझं. सुट्टी मी जत्रेच्या वेळीच घ्यायचो. आदल्या वर्षी ऐन प्रवेशात दुष्ट राजाने माझे केस धरून मला ओढलं, आणि केसांचा टोप त्याच्या हातात गेला. राजा इतका रंगात आला होता की त्याने पुढची सगळी भाषणं टोपालाच ऐकवली. "चल दासी, माझ्या महाली!" असं म्हणून तो टोप घेऊन निघूनही गेला. मी नऊवारीत, बारीक कापलेल्या केसांनी, एकटा रंगमंचावर. गाव अजून हसतंय.

मामाने राणी बंड्याला दिली. मी फार गयावया केली तेव्हा म्हणाला, "सोताचे केस वाढव, मगे बघूया. खांद्यार इले तर राणी तुझी. नायतर बंड्या असाच." म्हणजे पुढच्या जत्रेपर्यंत केस खांद्यावर यायला हवेत, नाहीतर राणी कायमची गेली.

माझे केस घट्ट कुरळे. वाढतात, पण दिसत नाहीत. वरून हेल्मेटमध्ये घासून तुटतात. आमचा फोर्कलिफ्टवाला कोफी घानाचा. रोज उशीवर पडलेले तुकडे मी त्याला दाखवायचो. शेवटी वैतागून त्याने गावाहून आणलेली शिया बटरची बरणी मला दिली. तीच ही. आता कोफी सुट्टीवर घानाला गेला होता. जाताना मात्र सांगून गेला होता की संपलं तर दुबईत देऱ्याला नाईफ रोडच्या मागे आंटी आकोसुआ आहे, कार्गोचं दुकान चालवते, तिच्याकडे जा.

म्हणून शुक्रवारी सकाळी निघालो.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: हमरियातून तेव्हा थेट बस नव्हती. मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचं, तिथून अजमानपर्यंत शेअर टॅक्सी, अजमानहून शारजातल्या रोल्यापर्यंत दुसरी. रोल्याला मलबारी हॉटेलात पराठा आणि चहा घेतला, दोन दिरहॅम. तेव्हा बाराने गुणायची सवय होती, म्हणजे चोवीस रुपये. गुणल्यावर पराठा नेहमीच जड व्हायचा. रोल्याहून देऱ्यासाठी मिनी बस, पाच दिरहॅम. शुक्रवारी सकाळी दुबईचा रस्ता रिकामा असतो. संध्याकाळचं पुढे सांगतो.

एक चूक करू नका. शुक्रवारी साडेअकरानंतर देऱ्यात पोचू नका. नमाजासाठी दुकानं बंद होतात ती थेट चार वाजता उघडतात. मी नेमका तेव्हाच पोचलो. नाईफ रोडच्या मागच्या गल्लीत सगळी शटरं खाली, ऊन असं की चपलेचा तळ मऊ पडला. एका शटरवर घानात, आक्राला टीव्ही, फ्रिज पाठवण्याची जाहिरात होती. खालून हाताएवढी फट होती आणि फटीतून एसीचा गारवा माझ्या पायांवर येत होता.

मी वाकून आत म्हणालो, "आंटी? कोफी सेंट मी."

आतून आवाज आला, "कोफी ओज मी मनी!"

मी घाबरून सरळ झालो. मग पुन्हा वाकून म्हणालो, "आय ओन्ली वाँट बटर." शटर गुडघ्याएवढं वर झालं. मी रांगत आत गेलो.

आंटी आकोसुआ खोक्यांच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भात खात होती. धिप्पाड बाई, डोक्याला निळं फडकं. मी सगळी हकीकत इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात सांगितली. मोदकापाशी आल्यावर तिने चमचा खाली ठेवला.

"दे एट इट?"

"येस आंटी. विथ कोकोनट."

मला वाटलं ती रागावेल. ती एवढी हसली की खुर्ची करकरली. त्यांच्याकडे उत्तरेत शिया बटर स्वयंपाकात घालतात, असं तिने सांगितलं. तुझ्या खोलीतल्या लोकांना अक्कल आहे, म्हणाली, अडाणी तूच आहेस. मग विचारलं, "तू ते लावतोस कसं?"

मी प्रामाणिकपणे करून दाखवलं. आपल्याकडे जसं खोबरेल लावतात तसंच. कोरड्या डोक्यावर, टाळूवर मूठभर थापायचं, तळव्याने थोपटून जिरवायचं, वर हेल्मेट. आई लहानपणी टाळू भरायची, तशीच मी रोज सकाळी माझी टाळू भरत होतो.

आंटीने डोळे मिटून घेतले. मग एकेक गोष्ट ती मला लहान मुलाला सांगावी तशी सांगत गेली. केस लोण्याने वाढत नाहीत, आपले आपणच वाढतात. तुझेही वाढतायत, पण जेवढे वाढतात तेवढे टोकाला तुटतात, म्हणून लांबी तिथेच. आधी केस पाण्याने ओले कर. लोणी पाणी देत नाही, असलेलं पाणी आत धरून ठेवतं. बोराएवढं घ्यायचं, तळहातावर चोळून पातळ करायचं आणि टोकांना लावायचं, कारण टोकं सगळ्यात म्हातारी. टाळूचा नाद सोड. मग वेण्या घालायच्या आणि त्यांना हात लावायचा नाही.

"वेण्या कोण घालणार?" मी विचारलं.

तिने बोटं मोडली.

इथे एक अडचण होती. त्या देशात लेडीज सलूनच्या काचांना आतून कागद लावलेला असतो आणि पुरुषाला आत पाऊल टाकता येत नाही. जेन्ट्स सलूनमधला मलबारी न्हावी असल्या वेण्या घालत नाही. त्यामुळे जे काही व्हायचं ते कार्गोच्या दुकानातच, आक्राला जाणाऱ्या एका फ्रिजच्या खोक्यावर बसून व्हायचं होतं. आंटीने बाटलीने माझ्या डोक्यावर पाणी मारलं, बटर लावलं, आणि टाळूला चिकटून बारीक वेण्या विणायला सुरुवात केली. डोळ्यांत पाणी आलं. "रडू नकोस," आंटी म्हणाली, "राणी आहेस ना?"

अर्धं डोकं झालं असेल, तेवढ्यात शटरवर काठी वाजली. इमारतीचा वॉचमन, पेशावरचा पठाण.

"अंदर कौन है?"

"कार्गो!" आंटी ओरडली.

"कार्गो का पाँव दिख रहा है."

मी पाय खोक्यावर घेतले. उशीर झाला होता. पठाण वाकून आत आला, आणि आडव्या फ्रिजवर उकिडवा बसलेल्या, अर्धं डोकं विणलेल्या, डोळे भरलेल्या मला पाहून तसाच उभा राहिला. माझ्या मनात एकच आलं: पोलीस, कंपनीला फोन, व्हिसा खलास, राणी बंड्याची.

"ये क्या कर रही हो इसको?" त्याने विचारलं.

"ड्राय है," आंटी म्हणाली. "टूटता है."

पठाणाने मान डोलावली. मग मेंदी लावलेल्या आपल्या दाढीवरून हात फिरवला. "मेरा भी टूटता है," तो हळूच म्हणाला.

आंटीने त्याच्या दाढीवरही पाणी मारलं. माझं उरलेलं डोकं होईपर्यंत पठाण शेजारच्या खोक्यावर बसून दाढीच्या टोकांना बटर चोळत होता आणि मधूनमधून मला दाखवत होता. "फर्क है?" मी दर वेळी है म्हणालो.

बरणीचे पंधरा दिरहॅम झाले. वेण्यांचे तिने घेतले नाहीत. कोफीच्या हिशेबात टाकते म्हणाली. निघताना साटीनच्या कापडाचा एक चकचकीत तुकडा दिला, हेल्मेटला आतून लावायला. सुती कापड केसांतलं पाणी पितं, साटीनवर केस घसरतात. जत्रेत ज्या कापडाचा शालू नेसायचा, तेच आता हेल्मेटात.

देऱ्याला गेलात तर आब्रा, म्हणजे खाडीतली होडी, चुकवू नका. खाडी ओलांडायला पन्नास फिल्स, म्हणजे अर्धा दिरहॅम, आणि वारा फुकट. मला पलीकडच्या स्टँडवरून बस धरायची होती. पण उन्हात बटर वितळलं. कडेला बसून मी बरणी दोन्ही हातांनी सरळ धरली होती, आत सोनेरी तेल लाटांबरोबर डुचमळत होतं. शेजारचा गुजराती शेठ बराच वेळ बघत होता.

"घर का है?" त्याने विचारलं. "प्योर?"

"बाल का है," मी म्हणालो.

शेठ दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

बसच्या एसीत बटर पुन्हा गोठलं. उतरलो की वितळायचं, बसलो की गोठायचं. आणि संध्याकाळचा शारजाचा रस्ता: शारजा-अजमानकडे राहणारा प्रत्येक माणूस दुबईहून एकाच वेळी घरी निघतो. बस इतकी रखडली की झाकणातून माझ्या मांडीवर सांडलेलं बटर तिथेच घट्ट झालं. उठताना पँट सीटला चिकटली होती. कंडक्टर म्हणाला, "यल्ला यल्ला, ये क्या गिराया?" मी तूप म्हणालो. खरं सांगण्याची ताकद उरली नव्हती.

अल मजाजला उतरून खालिद लगूनच्या काठी जरा बसलो. तिथे संध्याकाळी बरीच मराठी कुटुंबं फिरायला येतात. एक चिमुरडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचेही केस घट्ट कुरळे, बोटभर.

"मम्मा, लुक! ही हॅज रोड्स ऑन हिज हेड!"

"सई, इकडे ये! सॉरी हं, लहान आहे." तिची आई धावत आली. मग माझ्या डोक्याकडे आणि मुलीच्या डोक्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "तुम्ही मराठी ना? हे... कुठे केलंत? हिचे अजिबात वाढत नाहीत हो. इथल्या पाण्याने नुसते तुटतात."

"वाढतायत ते, ताई," मी म्हणालो. "टोकांना तुटतायत. टाळूचा नाद सोडा."

आणि नववी नापास माणसाने लगूनच्या काठी तिला सगळं सांगितलं, ओले कर पासून साटीनपर्यंत. आंटीच्या दुकानाचा पत्ताही दिला. निघताना सई म्हणाली, "आय वाँट सिक्स रोड्स. लाइक शेख झायेद रोड."

कॅम्पात पोचलो तेव्हा बाबलदादाने दार उघडलं, माझं डोकं पाहिलं आणि देवाला हात जोडले. दुसऱ्या दिवशी बरणीवर चिठ्ठी लावली: "हे तूप नाही. खाऊ नये." मराठीत मी लिहिलं, हिंदी, मल्याळम आणि उर्दूत त्या त्या माणसाकडून शुद्धलेखन तपासून लिहून घेतलं. तरी बाबलदादा अधूनमधून बरणी उघडून वास घ्यायचा. "मोदकार बरा लागला होता मां," म्हणायचा.

महिन्याने वेण्या सोडल्या तेव्हा उशीवर तुकडे नव्हते. सुट्टीला निघताना केस ओले करून ताणले की खांद्यावर टेकत होते. गावी मामाने ताणून पाहिले, मग सोडले. ते टुणकन कानापर्यंत गेले. मामाने पुन्हा ताणले. "येतत," तो म्हणाला. राणी मला मिळाली.

जत्रेत दुष्ट राजाने सूड घेतल्यासारखे केस धरले आणि ओढले. मी ओरडलो ते खरं ओरडलो. राजाने दोन पावलं मागे जाऊन पुन्हा ओढले. केस जागेवर राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी देवळासमोरच्या चहाच्या टपरीवर मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलो होतो. राजा आला. "रे, यंदा गोंद खंयचो लावलंस? हाडां मोडली माझी, पण टोप सुटना नाय!"

"दुबयचो टोप तो!" कुणीतरी म्हणालं. "खऱ्या केसांसारखो दिसता."

मी टॉवेलला हात घातला. मामाने माझा हात धरला.

"दुबयचोच," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लय महाग. आजूबाजूच्या एकाही कंपनीकडे नाय." मग माझ्या कानात: "सुट्टी संपासर टॉवेल काढू नको. बंड्याक तर कळताच नये."

त्यामुळे वर्षभर वाढवलेले केस मी गावात उरलेली सुट्टी झाकून फिरलो, टोपाची अब्रू राहावी म्हणून. आईने एका दुपारी माझी बरणी उघडली, चिठ्ठी न वाचता नुसता वास घेतला आणि झाकण लावलं.

"ह्या तूप न्हय," ती म्हणाली.

तिच्यासमोर तेवढा टॉवेल काढला. तिने बोराएवढं घेतलं, आणि सवयीने हात टाळूकडे नेला. मी तो धरून टोकांपाशी आणला.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर बंड्या भेटला. "दिगंबरा, पुढच्या वेळेक माका पण तसलो टोप हाड. काय लागतत ते पैसे देतंय."

"आणतंय," मी म्हणालो, आणि टॉवेल घट्ट केला.